शुक्रवारची बोट

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मायामी बंदरातल्या एकाच इमारतीत माणसांचे दोन लोंढे असतात आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडू नये याची चोख व्यवस्था असते. एक लोंढा उतरणाऱ्यांचा. उन्हानं सोललेली नाकं, डोक्यावर गवती हॅट, लहान मुलींच्या केसांत बहामाच्या बाजारात घालून घेतलेल्या मणी ओवलेल्या वेण्या. दुसरा चढणाऱ्यांचा. कोऱ्या चपला, फोनवर उघडून ठेवलेला बोर्डिंग पास आणि ‘आजी कुठे गेली?’ असे पुकारे.

मधल्या चार-पाच तासांत जहाजावर जे चालतं ते प्रवाशांना दिसत नाही. हजारो खोल्यांच्या चादरी बदलायच्या, हजारो बॅगा खाली आणि तेवढ्याच वर, फोर्कलिफ्टवरून भाज्या, पीठ, अंडी, बर्फातली मासळी यांच्या थप्प्या आत आणि कचरा बाहेर. सकाळचं लग्न उठावं आणि त्याच हॉलवर संध्याकाळचं बसावं, तशी ही धांदल. आठवडाभराच्या सफरींच्या जहाजावर ती आठवड्यातून एकदा होते. छोट्या सफरींच्या जहाजावर दोनदा, कारण तिथलं ठरलेलं वेळापत्रक शुक्रवार ते सोमवार तीन रात्री आणि सोमवार ते शुक्रवार चार रात्री असं असतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘सुट्टी’ हा विषय ठरवला तेव्हा ही तीन-चार रात्रींची बोटच डोळ्यांपुढे येण्याला कारण होतं. अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांच्या गप्पांत नायगारा आणि लास व्हेगसच्या जोडीला आता ‘क्रूझ’ हमखास येते. न्यू जर्सीतली, टेक्सासमधली, अटलांटातली मराठी घरं लाँग वीकेंड साधून फ्लोरिडाला उतरतात आणि तीन पिढ्या एका जहाजावर चढतात. त्यातले काही जण खूश होऊन परत येतात, काही जण ‘कॅरिबियन बघितलं, पण त्यात बघण्यासारखं काय होतं?’ असं विचारत येतात. दोघेही एकाच बोटीवर असतात. फरक पडतो तो आपण काय विकत घेतो आहोत हे आधी ठाऊक असण्यानं.

जहाजाला परदेश हवा असतो

मायामी किंवा फ्लोरिडातल्याच पोर्ट कॅनाव्हेरलहून निघणारी जवळपास प्रत्येक छोटी सफर बहामातल्या नासाऊला का जाते, याचं उत्तर निळ्याशार पाण्यात सापडत नाही. ते 1886 सालच्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडायचे नाहीत, असं ‘पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट’ सांगतो. अमेरिकी खलाशांची आणि जहाजबांधणीची रोजी राखण्यासाठी तो झाला. ही प्रचंड जहाजं मात्र फ्रान्स, फिनलंड, इटली, जर्मनीतल्या गोद्यांत बांधली जातात आणि बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदवली जातात. रॉयल कॅरिबियन कंपनीचं जहाज धक्क्याला लागलं की त्याच्या पाठीमागच्या बाजूला नावाखाली ‘नासाऊ’ ही अक्षरं दिसतात. कंपनीचं मुख्यालय मायामीत, प्रवासी बहुतेक अमेरिकी, पण कागदोपत्री जहाज बहामाचं. अशा जहाजाला मायामीहून निघून मायामीलाच परतायचं तर वाटेत एक तरी परदेशी बंदर करावं लागतं. नासाऊ मायामीपासून साधारण तीनशे किलोमीटरवर. रात्रभरात, तेही निवांत वेगानं, पोचता येतं.

हा निवांतपणाही हिशेबातला आहे. जोरात हाकलं तर जहाज पहाटेच्या आत नासाऊला पोचेल. पण हळू गेलं की इंधन वाचतं आणि प्रवासी रात्रभर जहाजावर राहतात. कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंदरात बंद असतात. किनारा पुरेसा मागे पडला की त्यांचे दिवे लागतात.

या धंद्याची सुरुवातच मुळी छोट्या सफरींनी झाली. ब्रिटन ते जिब्राल्टर मार्गासाठी बांधलेली ‘सनवर्ड’ ही बोट तिथं काम नसल्यानं रिकामी पडली होती. नॉर्वेचे क्नूट क्लॉस्टर आणि मायामीतले टेड एरिसन यांनी ती डिसेंबर 1966मध्ये मायामी–नासाऊ फेऱ्यांवर लावली. पुढे दोघांचं फाटलं आणि एरिसन यांनी 1972मध्ये कार्निव्हल काढली. तिचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच सफरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. आज तीच कार्निव्हल जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी आहे.

या गोष्टीतलं एक पात्र मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. 1990मध्ये रॉयल कॅरिबियननं ‘नॉर्डिक एम्प्रेस’ हे जहाज खास तीन-चार रात्रींच्या बहामा सफरींसाठी पाण्यात उतरवलं. नंतर त्याचं नाव ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, कंपनीनं ते विकलं आणि 2021पासून ते ‘कॉर्डेलिया’च्या नावानं मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं. बॅलार्ड पिअरहून त्या जहाजावर चढलेल्या शेकडो मराठी कुटुंबांनी एका अर्थानं मायामीची शुक्रवारची बोटच अनुभवली. फरक आकाराचा. एम्प्रेस अठ्ठेचाळीस हजार टनांची. त्याच कंपनीनं 2024मध्ये पोर्ट कॅनाव्हेरलहून छोट्या सफरींवर आणलेलं ‘युटोपिया ऑफ द सीज’ दोन लाख छत्तीस हजार टनांचं आहे आणि त्यात साडेपाच हजारांवर प्रवासी मावतात.

आणि भूगोलाच्या मास्तरांनी कान पकडण्याआधी हेही सांगायला हवं की बहामा कॅरिबियन समुद्रात नाहीच. ही बेटं अटलांटिकमध्ये आहेत. तीन रात्रींच्या ‘कॅरिबियन’ सफरीत बहुतेक जहाजं कॅरिबियनच्या पाण्याला शिवतही नाहीत.

आधी पासपोर्ट, मग तिकीट

जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरात असतो तो भाग मराठी घरांना सर्वांत जड जातो. जहाज अमेरिकेबाहेर जातं, म्हणजे परतताना प्रत्येकाला अमेरिकेत नव्यानं प्रवेश घ्यायचा असतो. आई-वडिलांच्या पासपोर्टवर अनेकदा प्रवेशाचा चालू व्हिसा असेल तर सहसा अडत नाही. मात्र ‘क्रूझ करून आलं की सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मिळतात’ हा समज घेऊन कोणी निघू नये. मुक्काम किती वाढवायचा की वाढवायचाच नाही, हे अधिकाऱ्याच्या हातात असतं.

खरी मेख एच-वन-बीवाल्यांची. अमेरिकेत कायदेशीर राहता येतं, नोकरी चालू असते, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असतो आणि भारतात जाऊन तो नवा करून घेणं राहून गेलेलं असतं. अशा माणसाला कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येण्याची सवलत नियमांत आहे. शेजारच्या बेटांसाठी ती सवलत विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसावाल्यांना आहे, एच-वन-बीला नाही. म्हणजे मेक्सिकोतल्या कोझुमेलला जाणारी बोट एक वेळ चालेल, नासाऊची नाही. दोन्ही एकाच धक्क्यावरून सुटतात आणि जाहिरातीत दोन्हींचं चित्र सारखंच असतं. विद्यार्थ्यांनीही आय-ट्वेंटी या विद्यापीठाच्या कागदावर प्रवासाची सही आहे ना हे पाहावं. बहामाच्या व्हिसाचं काय, हे जहाज कंपनीला आणि बहामाच्या वकिलातीला लेखी विचारून घ्यावं. धक्क्यावरचा कर्मचारी कागद अपुरे म्हणून परत पाठवतो तेव्हा पैसे परत मिळत नाहीत.

तिकीट आणि तिकिटाबाहेरचं

वेबसाइटवरचा आकडा पाहून ‘एवढ्यात तर हॉटेलही मिळत नाही’ असं वाटतं, आणि ते खोटंही नसतं. खोली, तीन वेळचं जेवण, रात्रीचे कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, मुलांचा क्लब हे सगळं तिकिटात येतं. मग कंपनी कमावते कशावर? मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळपास एक-तृतीयांश भाग तिकिटाबाहेरून येतो. दारू, कॅसिनो, वायफाय, स्पा, फोटो, वेगळ्या रेस्टॉरंटची जेवणं आणि किनाऱ्यावरच्या सहली. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या चावीचं कार्ड पुढे केलं की काम होतं, आणि म्हणूनच खर्च कळत नाही. ॲपमध्ये रोज रात्री बिल पाहण्याची सवय लावणारी कुटुंबं शेवटच्या सकाळी चकित होत नाहीत.

ठरलेल्या टिपा तिकिटात धरलेल्या नसतात. माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर, म्हणजे चौघांच्या तीन रात्रींना दोनशेच्या आसपास किंवा पुढे. बंदरांचे कर आणि शुल्क दाखवलेल्या आकड्यात धरले आहेत का, हे पाहावं. दारूचं पॅकेज घेणाऱ्यांना बहुतेक कंपन्यांची अट असते की एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांनी ते घ्यावं. एकट्या जावयासाठी सासूबाईंचंही पॅकेज काढावं लागेल, हे आधी लक्षात घ्यावं किंवा खोल्यांची वाटणी तशी करावी. चहा, कॉफी, पाणी फुकट असतं. वायफाय एका फोनचं घेऊन घरात वाटून वापरणारे बरेच. फोन मात्र निघतानाच विमान-मोडवर टाकावा, कारण समुद्रातल्या नेटवर्कला चुकून जोडला गेला तर बिल लाजवेल असं येतं.

खोली कशी घ्यावी, हा वाद प्रत्येक कुटुंबात होतो. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त आणि तीन रात्रींना पुष्कळ. फक्त दिवा मालवला की तिथं मिट्ट काळोख होतो, तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी छोटा रात्रीचा दिवा न्यावा. ज्यांना दुपारभर पाण्याकडे बघत बसायचं आहे, त्या आजोबांसाठी बाल्कनीचे पैसे मोजावेत. बोट लागण्याची धास्ती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी. तिथं हेलकावे कमी जाणवतात.

सामानाबाबत दोनच गोष्टी. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा राइस कुकर, उदबत्ती आणि मेणबत्ती जहाजावर चालत नाही. तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. दुसरी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. स्नानगृह चिंचोळं असतं आणि कागदावर भागवावं लागतं. प्लॅस्टिकचा एक मग बॅगेत टाकला की ज्येष्ठ मंडळी दुवा देतात. खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले तर ओले टॉवेल आणि पिशव्या टांगायची सोय होते.

सात आखूड, एक लांब

मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन केल्या की त्या खोलीच्या दाराशी पोचायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत. दुपारी एकला चढलेली मंडळी सरळ बुफेच्या मजल्यावर जातात आणि तिथं मुंगी शिरायला जागा नसते. त्याच वेळी खालच्या मजल्यांवर दुसरी खाण्याची ठिकाणं उघडी असतात. रात्रीच्या कार्यक्रमांच्या जागा ॲपवर आधी धरायच्या. तीन रात्रींत दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आणि मग आपत्कालीन सरावाची पाळी येते. फोनवर एक चित्रफीत बघायची, आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, भोंग्याचा इशारा ऐकायचा. सात आखूड आणि एक लांब. लोक याला वैतागतात. 13 जानेवारी 2012च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडलं आणि 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर सक्तीचा झाला. पूर्वी लाइफजॅकेट घालून सगळ्यांना उन्हात उभं करत. आताची पद्धत दहा मिनिटांची आहे. तेवढ्यासाठी कुरकुर करण्यात अर्थ नाही.

चारच्या सुमारास जहाज सुटतं. मायामीतून निघणाऱ्या बोटीचा सर्वांत देखणा तास हाच, आणि या तासाला बरेच लोक खोलीत बॅगा उघडत बसलेले असतात. ‘गव्हर्न्मेंट कट’ नावाच्या अरुंद खाडीतून जहाज बाहेर पडतं. डावीकडे साउथ बीचच्या टोकाच्या बागेत माणसं हात हलवायला उभी असतात, इतकी जवळ की त्यांच्या कुत्र्यांचे पट्टे दिसावेत. उघड्या समुद्रात आलं की एक छोटी बोट जहाजाच्या कुशीला येऊन वेग जुळवते. पोलादी भिंतीतलं एक दार उघडतं, दोरशिडीवरून बंदराचा पायलट दोन-चार पायऱ्या उतरतो, लाटेची उचल बघतो आणि खालच्या बोटीत पाय टाकतो. अठरा मजली जहाजाच्या कठड्यावर वाकून बघणारे टाळ्या वाजवतात. पायलट वर न बघता आत जातो. त्याला लगेच पुढचं जहाज काढायचं असतं.

त्यानंतर गल्फ स्ट्रीम लागतो. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधला हा उबदार पाण्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि उत्तरेचा वारा सुटला की पाणी खवळतं. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पहिल्या रात्रीच्या जेवणाआधीच गोळी घ्यावी. बोट लागल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगाला येत नाही.

छातीवरचा बिल्ला

रात्रीच्या जेवणाला पांढऱ्या चादरींची टेबलं असतात. वाढपी मेन्यू देतो आणि आजीचं लक्ष मेन्यूआधी त्याच्या बिल्ल्याकडे जातं. नावाखाली ‘इंडिया’ लिहिलेलं असतं.

“कुठला रे तू?”

“मडगावचा, आंटी.”

पुढचा मेन्यू मग इंग्रजीतून मराठी-कोंकणीत वाचला जातो. “हे नका घेऊ, यात बेकन असतं. उद्या रात्री वरण-भात सांगून ठेवतो.” उरलेल्या दोन रात्री त्या टेबलावर कार्डावर नसलेली डाळ येते. तशी कार्निव्हलच्या मुख्य जेवणघरात भारतीय शाकाहारी पदार्थ रोजच्या मेन्यूवर असतो. इतर कंपन्यांतही पहिल्या रात्रीच मुख्य वाढप्याला सांगितलं तर सोय होते. जैन जेवण तिकिटाच्या वेळी नोंदवावं. घरून डबा आणता येत नाही, पण बंद पाकिटातला खाऊ सहसा चालतो, त्यामुळे बाकरवडी पार होते.

मडगावच्या त्या पोराच्या मागे गोव्याची शे-दीडशे वर्षांची बोटीवरची परंपरा आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर गोवेकर स्वयंपाकी आणि कारभारी असत. तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा माणूस, हा गोव्याच्या घराघरांतला शब्द. सासष्टी आणि बार्देशमधली कितीतरी घरं बोटीच्या पैशावर उभी राहिली. आज कॅरिबियनच्या जहाजांवर फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत या तीन देशांतली माणसं सर्वाधिक दिसतात. त्यांत वसईची आहेत, रायगड आणि रत्नागिरीचीही आहेत. त्यासाठी सुरक्षेचे प्राथमिक अभ्यासक्रम, नौवहन महासंचालनालयाचं सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, अमेरिकेचा क्रू व्हिसा आणि सरकारी परवाना असलेला भरती एजंट लागतो. परवाना न बघता पैसे भरलेल्या मुलांच्या कहाण्या कोकण-गोव्यात कमी नाहीत.

करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा, आणि त्यात साप्ताहिक सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, तीही दोन तुकड्यांत देता येते. छोट्या सफरींच्या जहाजावर हेच काम जास्त दमवतं, कारण आठवड्यातून दोनदा सगळे प्रवासी बदलतात. प्रवाशाला तीन रात्री मिळतात आणि त्याला त्यांतलं काहीही हुकवायचं नसतं. पोरगा मात्र शुक्रवारचे नवे चेहरे आणि सोमवारचे नवे चेहरे असं आठ महिने करत राहतो. 2020च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे बंदरं बंद झाली तेव्हा ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरचे दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्याबाहेर समुद्रातच अडकून पडले होते. समोर दिव्यांची मुंबई आणि उतरायला परवानगी नाही. सरकारनं नियमावली काढल्यावर ते घरी गेले.

नासाऊतले सहा तास

नासाऊच्या प्रिन्स जॉर्ज धक्क्यावर एका वेळी सहा जहाजं उभी राहू शकतात. 2023मध्ये नव्या रूपात उघडलेल्या या बंदरातून गर्दीच्या दिवशी सकाळी नऊला वीस-पंचवीस हजार माणसं एकदम शहरात शिरतात. देशाची लोकसंख्या सगळी मिळून चार लाखांच्या आसपास. 2024मध्ये तिथं एक कोटी दहा लाखांहून अधिक पाहुणे आले आणि त्यांतले बहुतेक समुद्रमार्गे.

फाटकाबाहेर टॅक्सीवाले, घोडागाडीवाले आणि डॉल्फिनच्या सहली विकणारे पुढे येतात. नाही म्हटलं तर हसून बाजूला होतात. अमेरिकी डॉलर तिथं सरळ चालतो, कारण बहामाचा डॉलर त्याच्याशी एकास एक बांधलेला आहे. वाहतूक डाव्या बाजूनं, आणि गाड्या बऱ्याचशा अमेरिकेतून आणलेल्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडे. रस्ता ओलांडताना अमेरिकेत वाढलेली नातवंडं चुकीच्या बाजूला बघतात आणि पुण्याची आजी त्यांचं बखोट धरते.

पंचवीस मिनिटं चढण चाललं की ‘क्वीन्स स्टेअरकेस’ लागतो. चुनखडीच्या खडकात कोरलेला सहासष्ट पायऱ्यांचा जिना. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांनी तो हातानं खोदला, वरच्या फिनकॅसल किल्ल्यातून सुटकेची वाट असावी म्हणून. दोन्ही बाजूंना उंच ओल्या भिंती, त्यांवर नेचे आणि वडासारख्या मुळ्या, आणि बाजारातल्यापेक्षा तिथं चांगलाच गारवा. नाव व्हिक्टोरिया राणीचं, घाम दुसऱ्यांचा. नासाऊतली सर्वांत मोलाची जागा हीच, आणि तीन रात्रींच्या पाहुण्यांपैकी बरेच जण ती न बघता परततात.

स्ट्रॉ मार्केटमध्ये घासाघीस चालते. विणलेल्या टोपल्यांत काही खरोखर तिथल्या बायकांच्या हातच्या, बऱ्याच बाहेरून आलेल्या. विणणारी बाई समोर बसलेली असेल तर तिच्याकडून घ्यावी. अरावाक के भागातल्या टपऱ्यांवर शंखातला प्राणी लिंबू-मिरची-कांद्यात कालवून देतात. त्याला कोंच सॅलड म्हणतात, आणि मालवणी जिभेला ते पहिल्याच घासाला पटतं. शाकाहाऱ्यांनी ‘पीज अँड राइस’ बघून हुरळून जाऊ नये. त्यात बहुधा खारवलेलं डुकराचं मांस असतं. ज्यांची सफर नाताळात येते त्यांनी 26 डिसेंबरचं आणि 1 जानेवारीचं जंकानू बघावं. पहाटेच्या अंधारात कागदी पोशाख, गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि बकऱ्याच्या कातड्याचे ढोल घेऊन निघणारी ही मिरवणूक 2023मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाची धरायची, फोनच्या नव्हे. उशीर झालेल्यांसाठी बोट थांबत नाही, आणि धक्क्यावरून धावत येणाऱ्यांचे व्हिडिओ काढायला बाल्कन्यांत लोक तयारच असतात.

कंपनीचं बेट

दुसरा थांबा बहुतेकदा कंपनीच्याच बेटावर असतो. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीनं 1977मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं आणि पायंडा पडला. डिस्नीचं कास्टअवे के 1998पासून आहे. रॉयल कॅरिबियननं 2019मध्ये कोकोके नव्यानं सजवलं, कार्निव्हलनं जुलै 2025मध्ये ग्रँड बहामा बेटावर ‘सेलिब्रेशन की’ उघडलं. वाळू पांढरी, पाणी उथळ आणि काचेसारखं, खुर्ची आणि साधं जेवण तिकिटात. घसरगुंड्यांचा वॉटरपार्क आणि खास क्लब वेगळ्या पैशांत. लहान मुलं आणि गुडघे धरलेले आजोबा यांच्यासाठी ही जागा नासाऊपेक्षा सोयीची आहे, यात वाद नाही.

पण तिथं खर्च होणारा डॉलर बहामाच्या दुकानदाराच्या गल्ल्यात किती पडतो, हा प्रश्न नासाऊत विचारला जातो आणि तो रास्त आहे. समुद्राचं काय, हाही. कार्निव्हल समूहातल्या ‘प्रिन्सेस’ला तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याबद्दल 2016मध्ये चार कोटी डॉलरचा दंड झाला. त्या दंडाबरोबर घातलेल्या देखरेखीच्या अटी मोडल्याबद्दल 2019मध्ये आणखी दोन कोटी, आणि त्या वेळच्या कबुलीत बहामाच्या पाण्यात अन्नाबरोबर प्लॅस्टिक टाकल्याचाही समावेश होता.

साबण, वारा आणि निकाल

पोट बिघडवणारा नोरोव्हायरस जहाजावर लवकर पसरतो. तीन टक्के प्रवासी आजारी पडले की अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्था त्याची साथ म्हणून नोंद करते. बुफेच्या दारातलं सॅनिटायझर या विषाणूवर पुरेसं नसतं, साबण-पाणीच हवं. जहाजावरचा डॉक्टर चांगला पण महाग, आणि आई-वडिलांसाठी काढलेला भेटीचा विमा समुद्रात लागू होतो का, हे पॉलिसी उघडून वाचल्याशिवाय कळत नाही.

चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरात तिकिटं स्वस्त दिसतात ती उगाच नव्हे. वादळ आलं तर कप्तान रस्ता बदलतो आणि नासाऊ रद्दही करतो. परत मिळतं ते फक्त त्या बंदराचं शुल्क. आणि शुक्रवारची बोट असेल तर विमान गुरुवारचं काढावं. जानेवारीत नेवार्कला बर्फ पडलं म्हणून कोणतंही जहाज कोणासाठी खोळंबलेलं नाही.

आता निकाल. कॅरिबियन बघायचं असेल तर तीन रात्रींच्या बोटीवर जाऊ नका. एखाद्या बेटावर विमानानं उतरून आठवडा काढा किंवा सात रात्रींची सफर घ्या. पण तीन शहरांत विखुरलेलं घर एका टेबलावर बसवायचं असेल, सुनेला आणि सासूला दोघींनाही स्वयंपाकघरापासून सुट्टी द्यायची असेल आणि कोणी कुठे जायचं यावरून भांडण नको असेल, तर इतक्या पैशात इतकी सोय दुसरीकडे मिळणार नाही. मधल्या पिढीनं कंपनीचं बेट निवडताना धक्का असलेलं निवडावं. छोट्या बोटीतून उतरावं लागणाऱ्या ठिकाणी ज्येष्ठांचे हाल होतात.

शेवटच्या रात्री चौकशीच्या काउंटरपुढे एक रांग लागते. बिलात लागलेल्या टिपा काढून टाका, असं सांगायला आलेल्यांची. तसं करता येतं, आणि काउंटरवरचा माणूस सहसा कारणही विचारत नाही. वरच्या मजल्यावर डाळ आणून देणाऱ्या आणि रोज खोलीतली चादर झाडणाऱ्या माणसांच्या पगाराचा मोठा भाग त्याच रकमेतून येतो. मराठी प्रवाशांनी त्या रांगेत उभं राहू नये.